लिफ्ट न करता जिम्नीला मोठे टायर: २१५/७५ आर १५ चा १९ हजार किलोमीटरनंतरचा रिव्ह्यू

गाडी मारुती जिम्नी, मॅन्युअल, अल्फा मॉडेल, २०२३ च्या दसऱ्याला घेतलेली. सस्पेन्शनला हात लावलेला नाही, स्प्रिंग कंपनीचे, शॉक कंपनीचे, डिस्क (म्हणजे टायर ज्यावर बसतं ती रिम, ब्रेकची डिस्क नव्हे) पण कंपनीच्याच अलॉय. बदललंय ते फक्त टायर, आणि त्यातसुद्धा एकदा चूक करून पैसे घालवून मग योग्य मापावर आलोय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. कारण जिम्नी घेतली की पहिल्या महिन्यात प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो, की लिफ्ट न करता, म्हणजे सस्पेन्शन उंच न करता, किती मोठं टायर बसतं, आणि उत्तरं मिळतात ती बहुतेक फोटो बघून दिलेली.

आधी मला टायर का बदलावे लागले ते सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय माप ठरवता येत नाही. मी राहतो कोल्हापुरात, आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढं डांबरी सोडली की दोनेक किलोमीटर लाल मातीचा रस्ता, आणि घराच्या आधी शेवटचा चढ आहे तो जांभ्याचा, मध्ये मध्ये कातळ उघडा पडलेला आणि पावसाळ्यात त्यावर हिरवं शेवाळ. आण्णा आता ७६ वर्षांचे आहेत, आई तिथंच असते, दर दोन आठवड्यांनी मला जावंच लागतं, हौस म्हणून नाही. कंपनीतून जिम्नीला येतं ते १९५/८० आर १५, एच/टी म्हणजे हायवेचं टायर. हायवेवर उत्तम, शांत, हलकं, पावसात डांबरीवर ब्रेक पण छान लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाल माती भिजली की त्या बारीक नक्षीत ती अशी भरते की दहा मीटरमध्ये टायर गुळगुळीत होतं, आणि मग फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा संथ, जोरदार गिअर) लावा नाहीतर काही करा, चारही चाकं जागेवर फिरतात. २०२४ च्या जुलैत रात्री साडेआठला त्या चढावर गाडी मागं घसरत घसरत गडग्याला टेकली, बायको आणि मुलगी आत होत्या, त्या रात्री ठरवलं की टायर बदलायचे.

आता चूक सांगतो. कोल्हापुरातल्याच एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. मी विचारलं २१५/७५ आहे का, तर तिथला माणूस म्हणाला, "दादा, एवढ्या गाडीला २१५ म्हंजे काय दिसणार हाय? २३५ टाका, गाडी कशी भरल्यागत दिसत्या बघा." मी म्हटलं घासणार नाही ना, तर म्हणाला बारीक घासलं तर पंचवीस एमएमचा स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी धातूची चकती) टाकू, प्लास्टिक थोडं कापू, सगळेच टाकतात. आणि मी ऐकलं. २३५/७५ आर १५ चे चार टायर, कंपनीच्याच डिस्कवर, पुढं दोन स्पेसर. दुकानाबाहेर गाडी उभी होती तेव्हा दिसायला खरंच देखणी दिसत होती, हे मान्य करतो.

बारा दिवस वापरले. पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण फिरवलं तर खर्रर असा आवाज. स्पेसर नव्हता तेव्हा टायर आतल्या बाजूला ॲक्सलच्या आर्मला लागत होतं, स्पेसर टाकल्यावर आर्म सुटला पण टायर बाहेर गेल्यामुळं वळताना त्याचा घेर वाढला आणि ते पुढं बंपरच्या मागच्या कडेला आणि मागं आतल्या प्लास्टिकच्या लायनरला लागायला लागलं. म्हणजे स्पेसरनं घासणं गेलं नाही, फक्त जागा बदलली. मग गणपतीच्या तयारीसाठी चौघं आणि मागं सामान भरून आंबा घाट उतरताना एका वळणावर खड्ड्यात पुढचं डावं चाक दाबलं गेलं आणि लायनरचा हातभर तुकडा टायरनं ओढून काढला. गाडी बाजूला घेऊन बघितलं तर टायरच्या खांद्यावर चकचकीत पट्टा उमटलेला आणि आत वायरिंगच्या नळीपासून टायर दोन बोटांवर. आणखी काही दिवस गेले असते तर काय झालं असतं याचा विचार केला तरी नको वाटतं.

दुकानदारानं परत घेताना चारही टायरचे मिळून अकरा हजार कापले आणि स्पेसरचे पैसे दिलेच नाहीत. पैशापेक्षा राग याचा आला की गिऱ्हाईक माप विचारत असताना त्याला मापाबद्दल काहीच सांगितलं नाही, दिसण्याबद्दल सांगितलं.

त्यानंतर मी स्वतः बसून हिशोब केला, आणि हा हिशोब कुठल्याही गाडीला लागू पडतो म्हणून इथं मांडतो. टायरवर १९५/८० आर १५ लिहिलंय त्याचा अर्थ रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १५६, आणि डिस्क १५ इंची म्हणजे ३८१ मिलिमीटर. भिंत वर एक खाली एक, म्हणून १५६ दोनदा अधिक ३८१, टायरची एकूण उंची ६९३. तसंच २१५/७५ आर १५ चं केलं तर ७०३.५. आणि २३५/७५ आर १५ चं ७३३.५. आता बघा, २१५ नं उंची वाढली साडेदहा मिलिमीटर, त्यातली निम्मीच गाडीखाली मिळते, म्हणजे पाच मिलिमीटर. २३५ नं चाळीस वाढली, खाली वीस मिळाले. पण तेच वीस मिलिमीटर वरच्या बाजूला आणि पुढं मागं पण वाढले ना, आणि व्हील आर्च, म्हणजे चाकावरची कमान, आहे तेवढीच आहे, तिथं जागा कंपनीनं ६९३ च्या टायरसाठी सोडलेली.

लोक म्हणतात दोन इंच लिफ्ट करा म्हणजे प्रश्न मिटला. माझ्या मिस्त्रीनं मला याबाबतीत एक गोष्ट दाखवली ती आयुष्यभर लक्षात राहील. त्यानं गाडी जॅकवर घेतली आणि ॲक्सलच्या वरचा तो रबरी ठोकळा दाखवला, बंप स्टॉप. म्हणाला, "दादा, स्प्रिंग कितीबी उंच टाका, चाक दाबलं गेलं की ॲक्सल हितंच येऊन थांबणार. मग टायर बी तिथंच जाणार जिथं आत्ता जातंय." म्हणजे लिफ्ट केल्यानं उभ्या गाडीत जागा दिसते, पण खड्ड्यात चाक पूर्ण दाबलं गेलं की मोठं टायर तिथंच घासतं, बंप स्टॉप खाली आणले नाहीत तर. आणि जिम्नीला पुढं मागं दोन्हीकडं अखंड ॲक्सल आहे, त्यामुळं गाडीचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे डिफरन्शिअलचा गोळा, तो लिफ्टनं एक मिलिमीटर वर जात नाही, तो फक्त टायरनं वर जातो. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे, माझ्या रस्त्याला तो पुरतो, मला उंची नको होती, पकड हवी होती. हे स्वतःला स्पष्ट विचारायला मला अकरा हजार रुपये लागले.

मग २१५/७५ आर १५ शोधायला गेलो आणि लक्षात आलं की हे माप आपल्याकडं कुठंही मिळतं, कारण ते बोलेरोचं माप आहे. बोलेरो निओचं पण तेच. मलकापूर, पाटण, लांजा, राजापूर, कुठल्याही तालुक्याच्या गावात टायरवाल्याकडं गेलात आणि जिम्नीचं टायर मागितलं तर तो विचारात पडेल, पण बोलेरोचं म्हणालात तर आतून काढून देईल. कंपनीचं १९५/८० आर १५ मात्र मोठ्या शहरात पण मागवून घ्यावं लागतं. माझ्यासाठी ही गोष्ट पकडीइतकीच मोलाची आहे, कारण टायरची बाजू फाटते ती शहरात फाटत नाही, ती जांभ्याच्या कडेला फाटते.

दुसरी गोष्ट डिस्कची रुंदी. जिम्नीची डिस्क साडेपाच इंच रुंद आहे. २१५/७५ ला साडेपाच ही सगळ्यात कमी चालणारी रुंदी, म्हणजे नियमात बसते. २३५/७५ ला कमीत कमी सहा लागते, म्हणजे त्या दुकानानं मला जे बसवून दिलं होतं ते टायर बनवणाऱ्यांच्या तक्त्यातच बसत नव्हतं. अरुंद डिस्कवर रुंद टायर चढवलं की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो, मग मधेच झिजतं आणि वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटते, घाटात मला ते जाणवत होतंच, मी समजत होतो टायर नवीन आहे म्हणून असेल.

अलॉय बदलायच्या विचारात असाल तर तीन आकडे पाठ करा, जिम्नीचा पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) पाच बोल्ट १३९.७, मधलं भोक १०८, आणि ऑफसेट म्हणजे ईटी (चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा आकडा) अधिक ५, सगळे मिलिमीटरमध्ये. ईटीचा आकडा जितका कमी, किंवा उणे, तितकं चाक बाहेर. बाजारात उणे वीसवाल्या डिस्क मिळतात, फोटोत जबरदस्त दिसतात, पण मग सगळा चिखल दारावर आणि आरशापर्यंत उडतो, बेअरिंगवर ताण वाढतो, स्टेअरिंग जड होतं, आणि अखंड ॲक्सलच्या गाडीला ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरायचा जो त्रास होऊ शकतो त्याला अजून निमंत्रण. मधलं भोक १०८ चं नसलेली डिस्क घेऊन नुसत्या नटांच्या भरवशावर चाक मध्यात बसवू नका. मी कंपनीच्याच डिस्क ठेवल्या, आणि मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

टायर कुठल्या कंपनीचं घेतलं हे मुद्दाम लिहीत नाही, कारण मग चर्चा कंपनीवरच सुरू होते आणि माप राहतं बाजूला. ए/टी आहे, म्हणजे ऑल टेरेन, साधं पॅसेंजर बांधणीचं, एल/टी नाही. एल/टी म्हणजे लाइट ट्रकचं टायर, त्याची भिंत जाड आणि कडक. थारला, पिकअपला ते ठीक, जिम्नी रिकामी बाराशे किलोची गाडी आहे, तिला एल/टी टायर वाकतच नाही, मग प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. भिंत थोडी तरी दबली पाहिजे, तरच टायर दगडाला धरतं. भाराचा आकडा बघा, कंपनीच्या टायरवर ९६ आहे म्हणजे एका टायरला ७१० किलो, माझ्या नव्यावर १०० आहे म्हणजे ८०० किलो. ९६ च्या खाली कधीच जाऊ नका. आणि घेताना बाजूला चार आकडे असतात ते वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. मला आधी जे दाखवले त्यावर २२२१ होतं, म्हणजे २०२१ च्या बाविसाव्या आठवड्यातले, तीन वर्षं दुकानात पडून. मी नको म्हटलं, चार दिवस थांबलो आणि २०२४ चे घेतले.

पाच घेतले, चार नाही. हे फार महत्त्वाचं आहे आणि दुकानदार सांगत नाही. जिम्नीत फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात, मध्ये फरक सोसणारं डिफरन्शिअल नाही. चार चाकं ७०३ ची आणि स्टेपनी ६९३ ची, आणि पंक्चर होऊन ती स्टेपनी लागली, आणि तुम्ही तशीच फोर हाय (चारही चाकांना ताकद, पण नेहमीच्या वेगाचा गिअर) लावून चालवली, तर गिअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर, सगळा पीळ येतो. स्टेपनी मागच्या दारावर आहे तशी बसली, २१५ कशालाच टेकत नाही, वेगळा ब्रॅकेट लागला नाही. पाच टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवीन व्हॉल्व्ह सगळं मिळून ३९ हजार झाले. काढलेले पाचही कंपनीचे टायर एका नव्या जिम्नीवाल्यानं स्टेपनीला आणि जादा ठेवायला घेतले, तेवढी भरपाई झाली.

बसवल्यावर घरी जायच्या आधी मी जे केलं ते तुम्ही पण करा, अर्धा तास जातो. टायरच्या दोन्ही खांद्यांना खडू फासला, चांगला जाड. मग कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या मागच्या मोकळ्या जागेत एका बाजूचं पुढचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक दगडांवर चढवलं, म्हणजे गाडी तिरकी पिळली जाते आणि ते पुढचं चाक आत जितकं जाऊ शकतं तितकं जातं. तशा अवस्थेत स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मागं पुढं हललो, मग दुसऱ्या बाजूला तेच. खाली उतरून मोबाइलचा टॉर्च लावून लायनर, आर्म, बंपरची आतली कड, मडफ्लॅप सगळं बघितलं, कुठं पांढरं लागलंय का. फक्त डाव्या मडफ्लॅपच्या आतल्या कोपऱ्यावर नखाएवढा पांढरा डाग होता, रिव्हर्समध्ये पूर्ण वळवल्यावर. मडफ्लॅपचा स्क्रू सैल करून तो पाच मिलिमीटर मागं ओढला, पुन्हा खडू, पुन्हा तेच, या वेळी काहीच नाही. १९ हजार किलोमीटर झाले, आजपर्यंत कुठंही घासलेलं नाही, चौघं आणि आंब्याच्या सहा पेट्या घेऊन सुद्धा.

दुकानात नटं हवेच्या गननं कडकड आवळतात, तसं करू देऊ नका. आधीच्या दुकानात तसंच केलं होतं आणि पंक्चरच्या वेळी मला गाडीतल्या पान्यावर उभं राहून नट सोडवावा लागला होता. या वेळी हातानं टॉर्क पान्यानं आवळून घेतले आणि शंभर किलोमीटरनंतर परत बघितले, एक नट थोडा फिरला.

आता चालवायला कसं वाटतं. मी उद्यमनगरातल्या भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही चाकं ठेवून बघितली, जुनं डिस्कसकट १७ किलो ८००, नवं २० किलो ३००. अडीच किलो प्रत्येक चाकाला, आणि हे वजन फिरणारं आहे, त्यामुळं ते जाणवतं. सिग्नलवरून निघताना गाडी किंचित आळशी झाली. दीड लिटरचं इंजिन, १३४ न्यूटन मीटर टॉर्क, त्यात वाढवायला फार जागा नाही. पण आंबा घाट चढताना तिसऱ्यात चालायची ती अजून तिसऱ्यातच चालते, २३५ वर मला तीच वळणं दुसऱ्यात घ्यावी लागत होती. कारण सोपं आहे, टायरची उंची जितके टक्के वाढते तितका प्रत्येक गिअर लांब होतो, २१५ नं दीड टक्का, २३५ नं जवळजवळ सहा टक्के.

स्पीडोमीटरचं पण तेच. आधी काटा ८० दाखवायचा तेव्हा जीपीएसवर ७६ असायचे, आता ७७ असतात. म्हणजे काटा उलट खऱ्याच्या जवळ आला. ॲव्हरेज आधी हायवे आणि घाट मिळून साडेचौदा मिळायचं, कंपनीचा आकडा १६.९४ आहे. आता टाकी टू टाकी १३.७ येतं. पण एक लक्षात घ्या, टायर मोठं झालं म्हणून ओडोमीटर आता दीड टक्का कमी मोजतो, ते धरलं तर खरं १३.९. म्हणजे खरा तोटा अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडा जास्त. मला हा चालतो. रोज शहरातच चालवणार असाल तर विचार करा.

आवाज वाढलाय. ६० पर्यंत कळत नाही, ८० च्या पुढं एक बारीक घूं असा सूर येतो, गुळगुळीत डांबरीवर जास्त. आई मागं बसते तिला पहिल्या खेपेला वाटलं की पंखा चालू राहिलाय. ओल्या डांबरीवर ब्रेक जुन्या टायरइतके लागत नाहीत असं माझं मत आहे, फरक थोडा आहे पण आहे, मी पावसात हायवेला अंतर वाढवून चालवतो. हे सगळं मान्य करूनच घ्यायचं.

आणि ज्यासाठी घेतले ते. २०२५ चा अख्खा पावसाळा त्या चढावर काढला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस झोडपून पाऊस झाला होता, चढाच्या मध्यावर पाणी वाहत होतं, तिथं खाली थांबून चारही चाकांची हवा २६ पीएसआयवरून १८ वर आणली, फोर लो, दुसरा गिअर, एकसारखा पाय. जिथं मागच्या वर्षी गाडी घसरली होती त्या शेवाळलेल्या कातळावर पुढचं उजवं चाक क्षणभर फिरलं, मग गाडीनं स्वतःच त्याला ब्रेक लावला, दुसऱ्या चाकानं धरलं आणि गाडी वर. आरशात बघितलं तर टायरच्या नक्षीतून लाल मातीचे गोळे सुटून मागं उडत होते, आणि हेच मला हवं होतं, माती भरली पाहिजे आणि फेकली पण गेली पाहिजे. आण्णा ओसरीवर उभे होते, म्हणाले, "आज आवाज वेगळा आला रे गाडीचा, ओरडली नाही." कारण आधी ती प्रत्येक वेळी ओरडत चढायची.

हवेबद्दल अजून थोडं, कारण मोठ्या टायरपेक्षा जास्त काम हवा करते. टायर बदलल्यावर किती हवा ठेवायची हे कोणी सांगत नाही. टायरच्या नक्षीवर आडवी खडूची रेघ मारा, सरळ सपाट रस्त्यावर शंभर मीटर चालवा आणि बघा. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडांचा गेला तर कमी, सगळीकडून सारखा गेला तर बरोबर. माझ्या गाडीत दोघं असताना २६, चौघं आणि सामान असेल तर मागं २९, त्याला रेघ सारखी जाते. मातीत १८, आणि डांबरीला आल्या आल्या परत भरायचं, १८ वर घाटातून वेगात चालवणं म्हणजे टायर डिस्कवरून निसटायला आमंत्रण. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर बाळगा, मोठ्या अलॉयच्या दहावा हिस्सा किमतीत येतो आणि त्याहून जास्त उपयोगी आहे.

कायद्याचं पण बोलतो, कारण लोक टाळतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं पण यावर कडक निकाल दिलाय. फेंडरच्या बाहेर टायर काढणं, स्पेसर टाकणं, बॉडी कापणं, हे अपघात झाला की विमा कंपनीच्या माणसाला पहिल्या नजरेत दिसतं. मी माझ्या विमा कंपनीला टायरचं नवं माप ईमेलनं कळवलं आणि त्यांचं लेखी उत्तर गाडीच्या कागदांत ठेवलंय. दहा मिनिटांचं काम आहे.

मित्राकडं थार आहे, एलएक्स म्हणजे वरचं मॉडेल, २५५/६५ आर १८ वाली, तो माझं बघून २० इंची अलॉय घेणार होता. त्याला म्हटलं उलटा जा. त्याच थारच्या खालच्या मॉडेलला कंपनी स्वतः २४५/७५ आर १६ द्यायची, टायरची उंची जवळपास तेवढीच, ७७४ विरुद्ध ७८९, पण डिस्क लहान म्हणून भिंत १८४ मिलिमीटरची, अठराच्या टायरची १६६. ऑफरोडला जी उशी लागते ती भिंतीत असते, डिस्कमध्ये नाही. वीस इंची डिस्क घेतली की तेवढ्याच उंचीत भिंत आणखी बारीक करावी लागते, आणि मग एका दगडावर डिस्कच वाकते. फक्त लहान डिस्क घेताना ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना हे बसवून, हातानं फिरवून बघायचं, कॅटलॉगवर भरवसा ठेवायचा नाही. त्यानं सतरा इंची ठरवलंय, २६५/७० आर १७, ती होते ८०३ उंच, थारला लिफ्टशिवाय बसते का ते बसवल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, खडू माझ्याकडंच आहे, पुढच्या रविवारी दोघं मिळून बघणार आहोत.

माझ्या टायरची नक्षी काल मोजली, नवीन असताना साडेनऊ मिलिमीटर होती, पुढच्यांची ७.१ आणि मागच्यांची ७.४ राहिली आहे, स्टेपनीची ८.३, कारण दर आठ हजाराला पाचही चाकं फिरवतो, स्टेपनी मागं उजवीकडं येते आणि एक चाक दारावर जातं. पुढची अदलाबदल चोवीस हजाराला, तेव्हा पुन्हा मोजून खाली लिहीन.